गिझरमधला फिल्टर कोणाच्या कामाचा?

थंडी पडू लागली की जळगाव-धुळ्याच्या बाजारात गिझरची चौकशी वाढते. हल्ली दुकानदार गिऱ्हाइकाला आवर्जून सांगतो, "यात फिल्टर आतच बसवलेला आहे." गिऱ्हाइकाला वाटते, चला, अंघोळीबरोबर पिण्याच्या पाण्याचीही सोय झाली. मागच्या हिवाळ्यात एक तरुण आई आठ महिन्यांच्या बाळाला जुलाबासाठी दाखवायला आली. दुधाची पावडर कोणत्या पाण्यात कालवता, असे विचारले. ती म्हणाली, "गिझरच्या. फिल्टरचं आहे ना डॉक्टर, आणि वर गरमही!" तिला दोष देण्यात अर्थ नाही, पण हा गैरसमज घातक आहे.

जळगावला वाघूर धरणाचे, धुळ्याला तापीचे पाणी नळाने मिळते. मात्र नळ चुकला की बोअर किंवा टँकर आलाच. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पूर्वी अशा पाण्याने तांब्याच्या बंबात आतून पांढरा थर धरत असे. तोच थर आता गिझरच्या कॉइलवर बसतो. मग पाणी तापायला वेळ लागतो, विजेचे बिल वाढते आणि शेवटी कॉइल जळते.

गिझरमधला फिल्टर यासाठी असतो. त्यातली जाळी गाळ व गंज अडवते. काहींत फॉस्फेटचे खडे असतात. ते क्षारांना कॉइलवर चिकटू देत नाहीत, पण क्षार पाण्यातच राहतात. जुलाबाचे जंतू तर जाळीतून सहज पार होतात. थोडक्यात, हा फिल्टर गिझर सांभाळतो, आपले पोट नव्हे.

"पण पाणी गरम असते ना?" असे कोणी म्हणेल. गरम पाणी आणि उकळलेले पाणी यांत फरक आहे. गिझर पाणी उकळत नाही. नळाच्या पाण्यातले जंतुनाशक क्लोरीन मात्र तापवल्याने कमी होते. टाकीत कोमट राहिलेल्या पाण्यात काही जंतू उलट वाढतात. म्हणून गिझरचे पाणी पिऊ नये, स्वयंपाकाला वापरू नये आणि बाळाच्या दुधात तर मुळीच घालू नये.

मग असा गिझर घ्यावा का? घरी बोअरचे पाणी असेल तर जरूर घ्यावा, मात्र जाळी वेळोवेळी धुवावी आणि खडे संपले की बदलावेत. माझे मत असे, की फिल्टरवर जादा पैसे मोजण्याआधी अर्थिंग नीट करून घ्यावे आणि दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे ना, हे पाहावे. तापमान ६० अंशांच्या आसपास ठेवावे. त्यापुढे थरही लवकर धरतो आणि भाजण्याचा धोकाही वाढतो. ६० अंशांचे पाणीसुद्धा लहान मुलाला काही सेकंदांत भाजू शकते, म्हणून बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग गरम सोडावे. गॅस गिझर बंद न्हाणीघरात कधीही लावू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो.

पिण्याचे पाणी वेगळे घ्यावे, फडक्याने गाळावे आणि खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळावे. बोअरचे पाणी पिण्यात असेल तर ते एकदा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. भारतीय मानकाप्रमाणे पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. नायट्रेट मात्र ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. नायट्रेट उकळून जात नाही आणि तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वांत जास्त.

गिझर अंघोळीसाठी आहे. त्याच्याकडून तेवढेच काम घ्यावे.