गळा कुणाचा, गाणे कुणाचे?

चित्रपटसंगीताच्या मालकीविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली एक निकाल दिला. निर्मात्याने मोबदला देऊन गीत लिहवून घेतले व चाल बांधवून घेतली, की वेगळा करार नसल्यास त्या गाण्याचा पहिला मालक निर्माताच, असा त्याचा मथितार्थ होता. गीतकार-संगीतकारांना तो जाचक वाटला यात नवल नाही. परंतु न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला स्वतंत्र टिपण जोडून तिसऱ्याच व्यक्तीकडे लक्ष वेधले. गीतकाराला आणि संगीतकाराला निदान करारात घासाघीस करण्यापुरता हक्क होता. ज्याच्या कंठातून ते गाणे लोकांपर्यंत पोचते त्या गायकाला मात्र भारतीय कायद्यात कसलेच स्थान नव्हते. संसदेने याचा विचार करावा, असे त्यांनी सुचवले. १९५७ च्या नंबुद्रिपाद मंत्रिमंडळात काम केलेल्या या न्यायाधीशाला कलमांच्या जंजाळातही राबणारा माणूस दिसावा, हे साहजिकच होय.

गायक हा श्रमिक आहे, हे विधान अनेक रसिकांना रुचत नाही. गळा ही दैवी देणगी, मग देणगीची मजुरी कसली मागायची, असा त्यांचा सवाल असतो. देणगी असेलही, पण पहाटेचा रियाज कुणी देणगीदाखल देत नाही, आणि उतारवयात श्वास पुरेनासा झाला की ती देणगी पोटाला घालत नाही. विणकराचे कसब आणि गायकाचा गळा यांत या दृष्टीने काडीचाही फरक नाही. फरक पडला तो यंत्राने. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर गायली आणि गाण्याच्या शेवटी तिने स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारून ठेवले. तोवर गायकाला वगळून गाणे विकता येत नव्हते. तबकडी निघाली आणि गळा एकीकडे, गाणे दुसरीकडे अशी फारकत झाली. गिरणीतल्या कापडावर विणणाऱ्याचे नाव नसते, तसेच ‘महल’ (१९४९) मधील गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकर यांचे नाव नव्हते. तेथे ‘कामिनी’ असे पात्राचे नाव छापले होते.

पुढे लताबाईंनी नावासाठी आणि दामासाठी दिलेला लढा ‘एका मानधनी बाईचा हट्ट’ म्हणून पुष्कळांनी थट्टेवारी नेला. फिल्मफेअर पुरस्कारांत गायकांसाठी विभाग नव्हता, तेव्हा त्यांनी त्या समारंभात गाण्यास नकार दिला. काही काळाने तो विभाग सुरू झाला. स्वामित्वधनाच्या प्रश्नावर महंमद रफींशी त्यांचा मतभेद झाला आणि काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. ठरलेले पैसे मिळाले की आपला हिशेब संपला, ही रफीसाहेबांची भूमिका दिलदार माणसाची होती आणि तिच्याविषयी आदरच वाटतो. तथापि ती रोजंदारीची भूमिका होती. दिवस संपला, मजुरी मिळाली, माल मालकाचा. कामगार संघटनेत दोन दिवस वावरलेल्या कुणालाही या भूमिकेतली मेख समजावून सांगण्याचे कारण नाही.

कायदा सावकाश का होईना, हलला. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताच्या सादरीकरणाला हक्क मिळाला. २०१२ च्या दुरुस्तीने त्याच्या व्यापारी वापरातून स्वामित्वधन मिळवण्याचा अधिकार मान्य झाला. हा विजय लहान नाही. पण त्याच दुरुस्तीत एक परंतुक आहे. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे असते आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो हक्कापुरता कलावंतच समजला जात नाही. समूहस्वरातली बाई, आलाप भरणारा मुलगा यांचे काय, याचे उत्तर त्या परंतुकात दडले आहे. नाव नाही म्हणून हक्क नाही, आणि हक्क नाही म्हणून नाव लावण्याची कुणाला गरज नाही!

आणि जिच्या गाण्याची तबकडीच निघाली नाही तिचे काय? नारायणगावात दरवर्षी राहुट्या उभ्या राहतात, गावोगावचे पुढारी यात्रेच्या सुपाऱ्या ठरवतात, आणि फडातली गायिका-नर्तकी हंगामापूर्वी घेतलेली उचल फेडत वर्ष काढते. याच नारायणगावच्या विठाबाईंना प्रयोग चालू असताना प्रसूतीच्या कळा आल्या आणि बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीगत महाराष्ट्रात मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. कौतुक करणाऱ्यांपैकी किती जणांना असा प्रश्न पडतो, की त्या बाईला त्या रात्री घरी का राहता आले नाही? प्रसूतिलाभाचा कायदा १९६१ साली झाला. फडाच्या तंबूपर्यंत तो पोचला नाही. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या विठाबाई २००२ साली विपन्नावस्थेत वारल्या आणि इस्पितळाचे बिल देणगीदारांनी भागवले. नंतर राज्य शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

शासनाला दोष देणे सोपे आहे. चळवळीने आपल्या गायकांना कसे वागवले, हे विचारणे तितके सोपे नाही. बार्शीचा गिरणी कामगार अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर यांच्या लालबावटा कलापथकाने आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने जे काम केले, ते शंभर ठरावांनी झाले नसते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा शाहिरांच्या डफावर जमत. पण ‘जमत’ या क्रियापदातच दुखणे आहे. पुढारी येईपर्यंत गर्दी धरून ठेवणे, हे शाहिराचे काम ठरले. पुढाऱ्याची मोटार आली की पोवाडा कडव्याच्या मध्यात तोडायचा, हा शिष्टाचार डाव्यांनीही पाळला. धोरण ठरवणाऱ्या बैठकीत शाहीर कधी बसला?

मुलुंडचे शाहीर विलास घोगरे यांची कथा या बाबतीत कुणाही कार्यकर्त्याला अस्वस्थ करील. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. त्यानंतर काही दिवसांतच घोगरे यांनी कपाळाला निळी पट्टी बांधून आपले जीवन संपवले. ज्या डाव्या संघटनेसाठी ते वर्षानुवर्षे गायले तिने त्यांना आधीच दूर केले होते. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या चित्रपटात हे सारे आले आहे आणि घोगरे यांचा आवाजही तेथे आहे. तो ऐकल्यावर प्रश्न पडतो, की हा माणूस संघटनेला सभासद म्हणून हवा होता की ध्वनिक्षेपकासारखे साधन म्हणून?

शाखांच्या हिशेबवह्या उघडून पाहाव्यात. मंडप, ध्वनिक्षेपक, पत्रके, चहा या सगळ्यांच्या नोंदी सापडतील. शाहिरापुढे बहुधा ‘प्रवासखर्च’ एवढेच असेल, आणि तोही पुष्कळदा उधार. पुढच्या मेळाव्यापासून शाखांना तीन गोष्टी करता येतील. गायकाला ठरलेली बिदागी त्याच दिवशी द्यावी, चळवळीची गाणी छापताना कवीबरोबर ती गाणाऱ्याचे नावही छापावे, आणि कलापथकाचा एक प्रतिनिधी कार्यकारिणीत मतदानाच्या हक्कासह घ्यावा. यासाठी संसदेत दुरुस्ती मांडावी लागत नाही.