छापखाना कुणाच्या बापाचा?

दोस्तांनो, नाक्यावरच्या पेपरवाल्याकडे जाऊन बघा. दहा पेपर, दहा मथळे. वाटतं, काय ही लोकशाही! आता मालक मोजा. 'महाराष्ट्र टाइम्स' हा 'टाइम्स ऑफ इंडिया'वाल्या जैनांचा. 'लोकसत्ता' एक्स्प्रेसवाल्या गोएंकांचा. 'लोकमत' दर्डांचा, ज्यांच्या घरात खासदारकी झाली आणि मंत्रिपदही झालं. परुळेकरांचा 'सकाळ' १९८०च्या दशकात पवारांच्या घरात गेला. चार घरं झाली. यात आपलं घर कुठंय?

मी गोदीत हमाली करतो. पेपरच्या कागदाची रिळं परदेशातून बोटीने येतात, ती उतरवणारे हात आमचे. पण त्या कागदावर काय छापायचं हे ठरवणाऱ्यांत आमचा कोण? २००६ साली दिल्लीतल्या ३७ पेपर-चॅनलांमधल्या वरच्या ३१५ माणसांची पाहणी झाली. त्यात दलित आणि आदिवासी मिळून शून्य. त्याच साली २९ सप्टेंबरला खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना ठेचून मारलं. मोठ्या पेपरांनी आधी त्याला लफड्याचं प्रकरण ठरवलं. कित्येक आठवड्यांनी आपली माणसं रस्त्यावर उतरली तेव्हा कुठे यांची झोप मोडली. ही शाई त्या शून्यातूनच येते.

कुणी म्हणेल, संपादक बदला म्हणजे झालं. नाही गड्यांनो, हिशेब खोल आहे. पेपर थोडक्या रुपयांना मिळतो. तेवढ्यात त्याचा खर्च निघत नाही. वरचा पैसा देतो जाहिरातवाला. म्हणजे मालक आपल्याला पेपर विकत नाही, तो जाहिरातवाल्याला वाचक विकतो. ज्याच्या खिशात फ्लॅटचे पैसे नाहीत, तो वाचक याच्या काय कामाचा? आणि त्या माणसाचं मरण तरी कुठल्या पानावर लावणार?

धनदांडग्या पेपरने स्वस्तात जाडजूड अंक काढून लहान पेपर मारू नये, म्हणून १९५६ साली संसदेने पानं आणि किंमत यांचं प्रमाण बांधायचा कायदा केला. 'सकाळ' कोर्टात गेला. १९६१ साली सुप्रीम कोर्टाने तो कायदा घटनेविरुद्ध ठरवला, भाषणस्वातंत्र्याचं नाव घेऊन. सरकारच्या हाती पानं मोजायची कात्री द्यायला मीही भितो. पण स्वातंत्र्य कुणाला मिळालं ते बघा. ज्याच्याकडे छापखाना, त्याला. २०१४ साली ट्रायने शिफारस केली, की एकाच मालकाच्या हाती पेपर आणि चॅनल दोन्ही किती असावेत याला मर्यादा घाला. त्याचा कायदा झालाच नाही. त्याच साली नेटवर्क१८ रिलायन्सकडे गेलं. २०२२च्या अखेरीस एनडीटीव्ही अदानींकडे गेलं.

बाबासाहेबांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. ३१ जानेवारी १९२०ला 'मूकनायक' निघालं. त्याची जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊनसुद्धा छापली नाही. च्यायला, पैसाही जात बघूनच घ्यायचा! 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागले. ते १९२९ साली बंद पडलं. बाबासाहेब रडत बसले नाहीत, १९३० साली 'जनता' उभं राहिलं.

म्हणून माझं म्हणणं दोन वाक्यांत. एक, मालकीला मर्यादा घालणारा कायदा पाहिजे, आणि तो राखायचं काम सरकारच्या पायाशी बसणाऱ्यांकडे नको. दोन, कायदा येईपर्यंत आपल्या लिहिण्याचा खर्च आपणच उचलायचा. जाहिरातवाल्यासमोर वाकायचं नसेल तर दुसरा रस्ता नाही. ज्यांनी या अंकाची वर्गणी थकवली आहे, त्यांनी आधी ती भरावी. मग नाक्यावर उभं राहून पेपरवाल्यांना खुशाल शिव्या घालाव्यात, मीही येतो.