पांढरा डाग दिसला की जागे व्हा

राजापुरातल्या माझ्या दवाखान्यात आया मुलांना आणतात, ते दाढ ठणकू लागल्यावर. त्याच्या कितीतरी आधी दातावर खडूसारखा पांढरा डाग उमटलेला असतो. तेव्हा खड्डा नसतो, फक्त क्षार झिरपून गेलेले असतात. फ्लोराइडची पेस्ट लाळेतले कॅल्शियम, फॉस्फेट तिथे पुन्हा बसवते आणि तो भाग आम्लापुढे जास्त टिकतो. खड्डा पडला की मात्र पेस्टने तो भरत नाही. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यातल्या जादा फ्लोराइडने दात खराब होतात, पण म्हणून पेस्टलाही घाबरणे चूक आहे. आणि दात घासायला मशेरी? तो तंबाखूच, घरातून घालवाच. सुमारे १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट घ्या. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढीच द्या, गिळू देऊ नका. रात्री घासून थुंका, चुळा भरू नका.