जामिनाची किंमत

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या विधी महाविद्यालयात शिकते. विधी साहाय्याच्या कामासाठी ती तुरुंगातील कच्च्या कैद्यांना भेटते. परवा म्हणाली, "एका बिगाऱ्याला जामीन मंजूर होऊन दोन महिने झाले, तरी तो आतच आहे. त्याला जामीनदार मिळत नाही. मग मी शिकलेला कायदा त्याच्या काय कामाचा?"

प्रश्न जुनाच आहे. १९७८ साली मोतीराम या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागण्यात आला आणि परजिल्ह्यातला म्हणून त्याच्या भावाचा जामीन नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याची हजारांच्या जातमुचलक्यावर सुटका केली. त्याआधी, १९७६ साली, मोफत विधी साहाय्याचे तत्त्व राज्यघटनेत आले होते. तरीही २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्या मला यात एक बाजार दिसतो. येथे स्वातंत्र्याला किंमत आहे आणि ज्याच्याजवळ सातबारा नाही, ऐपतीचा दाखला नाही, त्याला ती मजुरी बुडवून, संसार मोडून चुकवावी लागते.

रक्कम कमी करण्यासाठी, जातमुचलक्यासाठी अर्ज ही मुले लिहितील. कैद्याचे घर शोधणे, कागद जमविणे आणि प्रसंगी स्वतः जामीन राहणे हे काम मात्र आपले, कार्यकर्त्यांचे आहे.

"सर, तुमच्या नावावर घर आहे. तुम्ही राहाल जामीन?" तिने विचारले. मी होकार दिला. पण त्याआधी क्षणभर थांबलो. त्या क्षणाची मला लाज वाटते.