अव्वल कोण, आणि मोजले कोणी?

14 नोव्हेंबर 1952 रोजी लंडनच्या ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या साप्ताहिकाने ब्रिटनमधील ध्वनिमुद्रिकांच्या खपाची पहिली क्रमवारी छापली, तिच्या मुळाशी संख्याशास्त्र वगैरे काही नव्हते. पर्सी डिकिन्स या गृहस्थाने निवडक दुकानदारांना दूरध्वनी करून जो तपशील टिपून घेतला, त्याचाच तो गोषवारा होता, आणि खप समसमान निघाल्यामुळे बारा क्रमांकांत पंधरा ध्वनिमुद्रिका दाटीवाटीने बसवाव्या लागल्या होत्या. तेव्हापासून आजतागायत आपण अव्वल आलेल्या गायकाकडे पाहतो. मोजणाऱ्या कारकुनाकडे कोणी पाहत नाही.

4 एप्रिल 1964 च्या ‘बिलबोर्ड’मध्ये ‘हॉट 100’ यादीतील पहिली पाचही स्थाने बीटल्सच्या नावावर होती. त्यांच्या प्रतिभेविषयी शंका घेण्याचा अरसिकपणा कोण करील? परंतु कॅपिटॉल या बड्या अमेरिकी कंपनीने त्यांची आरंभीची गाणी नाकारली नसती, ती व्ही-जे आणि स्वान यांसारख्या लहान कंपन्यांच्या हाती गेली नसती, आणि कीर्तीचा उदय होताच या साऱ्यांचा माल एकाच वेळी बाजारात खपू लागला नसता, तर एकाच आठवड्यात हा योग जुळून येणे कठीणच होते. उलट दाखला हवा असल्यास ‘नो डाउट’ या वाद्यवृंदाचा घ्यावा. जे गाणे सुट्या स्वरूपात विक्रीस नाही त्यास 1998 च्या डिसेंबरपर्यंत ‘हॉट 100’मध्ये प्रवेशच नसे, त्यामुळे त्यांचे ‘डोन्ट स्पीक’ नभोवाणीच्या यादीत 16 आठवडे अग्रस्थानी राहूनही मुख्य दप्तरी त्याची नोंद नाही! आता संग्रहातले प्रत्येक गाणे घरबसल्या कितीदा ऐकले गेले याचा स्वतंत्र हिशेब होतो, म्हणून 2022 च्या नोव्हेंबरात टेलर स्विफ्ट यांना पहिली दहाही स्थाने व्यापता आली. पाचांपेक्षा दहा मोठे, हे गणित येथे लागू पडत नाही. विक्रमाच्या बातमीखाली मोजणीचा नियम एका ओळीत छापणे संपादकांना जड जाऊ नये.

आपल्याकडे बा. वि. केसकर नभोवाणीखात्याचे मंत्री असताना सरकारी केंद्रांवर चित्रपटगीतांची गळचेपी झाली, आणि त्याच 1952 च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पुढे तिची ‘पायदाने’ ठरू लागली, ती ध्वनिमुद्रिकांच्या विक्रेत्यांकडील खबर आणि ठिकठिकाणच्या श्रोता-संघांचा कौल यांची सांगड घालून. खप पैशाने फुगवता येतो, पत्रेही एकहाती लिहविता येतात. म्हणून एकावर दुसऱ्याचा पहारा बसविण्याची ही युक्ती मला मोठी शहाणपणाची वाटते. ती निर्दोष होती असे नव्हे, पण दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानी ती यादी स्वतःच्या आवाजात वाचीत, आणि तक्रार कोणाकडे करावयाची हे श्रोत्याला पक्के ठाऊक असे.