मिसिंग गाडीचे की मिस्त्रीचे?

गाडी मिसिंग मारते म्हटले की आपल्या गॅरेजमध्ये पहिला हात प्लगकडे जातो, दुसरा कॉईलकडे आणि तिसरा थेट गिऱ्हाइकाच्या खिशाकडे. हे लिहिताना वाईट वाटते, कारण या धंद्यात आपले कितीतरी बांधव आहेत आणि त्यांच्या हातात खरोखर कला आहे.

कार्बोरेटरच्या जमान्यात चालू इंजिनवर एकेक प्लगची वायर काढून पाहत. ज्या वायरीने आवाज बदलत नाही तो सिलिंडर मेलेला. २००० च्या सुमारास मारुती ८०० मध्येसुद्धा एमपीएफआय आले आणि ही युक्ती महागात पडू लागली. ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉईल जळते, प्रसंगी कॉम्प्युटरही.

आता क्रँक सेन्सर इंजिनाची गती मोजत असतो. एखाद्या सिलिंडरचा धक्का कमी पडला की कॉम्प्युटर नोंद करतो. पी ०३०३ म्हणजे तिसरा सिलिंडर. पी ०३०० म्हणजे मिसिंग एका जागी नाही, तेव्हा पेट्रोलचे प्रेशर आणि हवेची गळती आधी पाहावी. पण स्कॅनर सिलिंडर सांगतो, खराब पार्ट नव्हे! इथेच आपली पोरे फसतात. तिसऱ्याची कॉईल दुसऱ्यावर बसवा. कोड पी ०३०२ झाला तर कॉईल गेली. नाही झाला तर प्लगची अशीच अदलाबदल, मग वायरिंग, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन. या अदलाबदलीला पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी पळवू नये. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि निकामी होतो. त्याची किंमत ऐकून मालक घाबरतो.

गेल्या पावसाळ्यात एका नावाजलेल्या गॅरेजने माझ्या गाडीच्या चारही कॉईल बदलल्या. मिसिंग तसेच! पुढे एका लहान गॅरेजमधल्या तरुणाने वरीलप्रमाणे तपासले. तिसऱ्या कॉईलच्या सॉकेटमध्ये पाणी शिरून पिन गंजली होती. त्याने ती साफ केली आणि म्हणाला, "चाचा, पार्ट तर काही टाकला नाही, पैसे कसले घेऊ?"

अक्कल फुकट आणि पार्टवर कमिशन, हा हिशेबच कारागिराला अंदाजाने पार्ट बदलायला लावतो. तपासणीचा दर पाटीवर लिहा, बिलात वेगळा दाखवा. गिऱ्हाईक कुरकुर करील, पण देईल. मी त्या तरुणाला तीनशे रुपये दिले; घेताना तोच संकोचला.