अग्निसाक्षीने की कॅमेरासाक्षीने?

लाजाहोमाची वेळ. होमकुंडात अग्नी प्रज्वलित झाला आहे. वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत साळीच्या लाह्या घालतो आहे आणि पुरोहितांनी मंत्राला आरंभ केला आहे. तेवढ्यात आज्ञा होते, "गुरुजी, एक मिनिट. ताई, जरा इकडे बघा. दादा, लाह्या परत घाला." मंत्र अर्ध्यावर थांबतो. लाह्या दुसऱ्यांदा ओंजळीत पडतात, दुसऱ्यांदा अग्नीत जातात. समोर बसलेल्या आप्तेष्टांना यातले काहीही दिसत नाही, कारण त्यांच्या आणि वधूवरांच्या मध्ये चार छायाचित्रकारांच्या पाठींची भिंत उभी असते.

सायंकाळी स्वागतसमारंभ. व्यासपीठावर कृत्रिम धूर सोडला जातो, दोन्ही बाजूंनी ठिणग्यांची कारंजी उडतात आणि नवऱ्या मुलाला सांगितले जाते की, वधूला जवळ घ्या आणि तिचे चुंबन घ्या. तो क्षणभर घुटमळतो. मित्रमंडळी शिट्ट्या वाजवतात. वधूची नजर नकळत पहिल्या रांगेतील सासूसासऱ्यांकडे जाते, तिथून आपल्या वडिलांकडे वळते. वडील पायांशी काहीतरी शोधत असल्यासारखे खाली पाहू लागतात. क्षण टिपला जातो. "ओठांचे नीट आले नाही, पुन्हा एकदा," अशी सूचना येते आणि तोच क्षण पुन्हा घडवला जातो.

महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत हे दृश्य आता अपवादाचे राहिलेले नाही. त्याकडे केवळ 'तरुणांची हौस' म्हणून काणाडोळा करणे जितके सोपे, तितकेच 'संस्कृती बुडाली' म्हणून कपाळावर हात मारणेही सोपे आहे. दोन्ही टाळून हा प्रकार आला कोठून, त्यात नेमके काय हरवते आणि कुटुंबांनी काय करावे, याचा शांतपणे विचार होणे आवश्यक आहे.

उसनी प्रथा, तीही अर्धवट

विवाहप्रसंगीच्या चुंबनाला पाश्चात्त्य जगात इतिहास आहे. रोमन समाजात त्याला वाग्दानाच्या शिक्क्याचे मूल्य होते. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या इ. स. ३३६ मधील कायद्यानुसार वाग्दान चुंबनाने झाले असेल आणि विवाहापूर्वीच वराचा मृत्यू ओढवला, तर त्याने दिलेल्या भेटींपैकी अर्धा वाटा वधूकडे राहत असे. चुंबन झालेच नसेल, तर सर्व भेटी परत कराव्या लागत. मध्ययुगीन इंग्लंडमधील साल्सबरीच्या परंपरेत धर्मगुरू वराला 'शांतीचे चुंबन' देई आणि वर ते वधूपर्यंत पोहोचवी. तिथे त्या कृतीला प्रार्थनेची चौकट होती.

मात्र इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनाग्रंथातील विवाहविधीत चुंबनाची सूचनाच नाही. २९ जुलै १९८१ रोजी लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये युवराज चार्ल्स आणि डायना यांचा विवाह झाला. जगभर गाजलेले त्यांचे चुंबन चर्चमधील वेदीसमोरचे नव्हते. ते नंतर बकिंगहॅम राजवाड्याच्या सज्जात, खाली जमलेल्या जनसमुदायासमोर आणि कॅमेऱ्यांसमोर झाले. २०११ मध्ये विल्यम आणि केट यांच्या विवाहातही त्याच सज्जाची पुनरावृत्ती झाली. म्हणजे ज्याला आपण पाश्चात्त्यांचा 'विधी' समजून उचलतो, त्याचे आजचे प्रसिद्ध रूप बऱ्याच अंशी छायाचित्रासाठीच घडलेले आहे. चार्ल्स आणि डायना यांचा घटस्फोट १९९६ मध्ये झाला. छायाचित्र टिकले, विवाह टिकला नाही. हे दुसऱ्याच्या दुःखाला हिणवण्यासाठी सांगितलेले नाही. आपल्याकडील कुटुंब न्यायालयांतही गर्दी आहेच. सांगायचे एवढेच की, क्षण टिपल्याने नाते टिकत नाही.

विशेष म्हणजे, तिकडचे अनेक धर्मोपदेशक आता विवाहविधीच्या वेळी पाहुण्यांना मोबाइल आणि कॅमेरे बाजूला ठेवण्याची विनंती करतात. ज्यांच्याकडून आपण ही हौस उसनी घेतली, त्यांच्यातील विचारी माणसे तिच्या अतिरेकाला लगाम घालू लागली आहेत. आपण मात्र त्यांनी टाकू पाहिलेले ओझे उत्साहाने डोक्यावर घेत आहोत.

प्रश्न सोवळेपणाचा नाही

या विषयावर काही बोलले की, 'हिंदू परंपराच संकुचित, प्रेमाला घाबरणारी' असा आरोप तत्काळ होतो. तो अज्ञानमूलक आहे. कालिदासाच्या काव्यातील शृंगार, खजुराहोची शिल्पे आणि वात्स्यायनाचे कामसूत्र ज्या समाजाने निर्माण केले, त्याला शृंगाराचे वावडे होते असे कोण म्हणेल?

परंतु त्याच कामसूत्रात नवविवाहितांना काय सांगितले आहे, हे फारसे कुणी वाचत नाही. 'कन्याविस्रम्भण' या प्रकरणात वात्स्यायन विवाहानंतरच्या पहिल्या तीन रात्री ब्रह्मचर्याने घालवण्यास सांगतो. आधी वधूचा विश्वास संपादन करावा, तिच्याशी हळुवारपणे वागावे, घाई आणि बळजोरी करू नये, हे त्या प्रकरणाचे सार आहे. गृह्यसूत्रांनीही विवाहानंतर त्रिरात्रव्रत सांगितले आहे. कामशास्त्राचा सर्वांत मोकळा ग्रंथ आणि धर्माचरणाचे नियम सांगणारे ग्रंथ या मुद्द्यावर एकत्र येतात, ही साधी गोष्ट नव्हे. पहिला स्पर्श दोघांचा आहे, त्याला एकांत हवा आणि त्यात वधूच्या मनाची तयारी सर्वांत महत्त्वाची, हा आपल्या पूर्वजांचा विचार होता. पाचशे पाहुण्यांसमोर, परक्या माणसाच्या सूचनेवरून आणि शिट्ट्यांच्या गजरात घडवलेले चुंबन या कसोटीवर अधिक आधुनिक ठरते की अधिक असंस्कृत?

अनेक मुलींना हे नको असते, परंतु त्या क्षणी 'नको' म्हणणे त्यांना शक्य नसते. नवे घर, नवी माणसे, मोजलेले पैसे आणि समोर रोखलेली भिंगे; अशा वेळी नकार दिला तर ती 'मागासलेली' ठरते आणि होकार दिला तर घरातील वडीलधारी मनातल्या मनात तिलाच बोल लावतात. दोन्हीकडून भार तिच्यावरच पडतो. स्त्रीच्या सन्मानाविषयी आस्था असणाऱ्या प्रत्येकाने या कोंडीचा विचार करायला हवा.

विवाहापूर्वीच्या चित्रीकरणात हा धोका अधिक गडद होतो. साखरपुडा आणि विवाह यांच्या मधल्या काळात किल्ल्यावर, समुद्रकिनाऱ्यावर वा भाड्याच्या बंगल्यात सलगीची दृश्ये चित्रित होतात आणि विवाहाच्या दिवशी कार्यालयातील मोठ्या पडद्यावर दाखवली जातात. ठरलेला विवाह काही कारणाने मोडला, तर चित्रफिती मात्र कुणाच्या तरी संगणकात राहतात. त्यांचा गैरवापर करणे आजच्या तंत्रज्ञानाने अतिशय सोपे केले आहे. भोपाळमध्ये २०१९ साली जैन, गुजराती आणि सिंधी समाजांतील संस्थांनी अशा चित्रीकरणाविरुद्ध भूमिका घेतली, ती या पार्श्वभूमीवर समजून घेतली पाहिजे. केवळ बंदी घालून मने वळत नाहीत हे खरे. पण समाजाला हा प्रश्न बोचू लागला आहे, याची ती खूण आहे.

विधीचा आशय

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ८५ वे सूक्त हे विवाहसूक्त म्हणून ओळखले जाते. पाणिग्रहणाचा मंत्र तिथलाच. वर वधूचा हात धरतो तो सौभाग्यासाठी आणि दोघांनी मिळून वार्धक्यापर्यंत पोहोचावे यासाठी, असा त्याचा आशय आहे. पुढे सप्तपदी. अन्न, बल, धनसमृद्धी, सुख, संतती आणि ऋतूंची अनुकूलता यांसाठी सहा पावले. सातवे पाऊल सख्यासाठी. वैवाहिक जीवनाचा शेवटचा आणि सर्वोच्च टप्पा मैत्री हा आहे, असे सांगणारा हा विधी किती प्रगल्भ आहे! आणि नेमक्या त्याच वेळी वधूवरांचे लक्ष कुठे असते? चेहरा कोणत्या बाजूला वळवायचा याकडे.

सप्तपदीचे महत्त्व केवळ भावनिक नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या सातव्या कलमानुसार, ज्या विवाहविधीत सप्तपदीचा समावेश आहे, तिथे सातवे पाऊल टाकल्यावर विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने एप्रिल २०२४ मध्ये हेच अधोरेखित केले. हिंदू विवाह हा संस्कार आहे, तो नाचगाण्याचा आणि खाण्यापिण्याचा सोहळा नव्हे, असे सांगून आवश्यक विधी न करता केवळ नोंदणीचे प्रमाणपत्र मिळवल्याने विवाह सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. जे घरातील आजीआजोबांनी सांगायचे, ते देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला सांगावे लागले!

यात दोष केवळ तरुणांचा नाही. मंगलाष्टके चालू असताना पाहुणे पंगतीच्या चौकशीत दंग, यजमान मानपानात गुंतलेले आणि काही ठिकाणी पुरोहित पुढच्या मुहूर्ताच्या घाईत. ज्या मंत्रांचा अर्थ कुणी सांगितलाच नाही, त्यांच्यात मुलामुलींचे मन कसे रमावे? अर्थ निघून गेला की रिकामी जागा उरते आणि रिकामी जागा कुणीतरी भरतोच. आपण ती रिकामी ठेवली. छायाचित्रकाराने ती भरली. तो बिचारा त्याचा व्यवसाय करतो. त्याला लाजाहोम आणि हळद यांतला फरक समजावून सांगण्याचे काम यजमानांचे होते.

काय करता येईल?

कॅमेरा हद्दपार करा, असे कुणी म्हणणार नाही. आजीच्या लग्नातील एकमेव कृष्णधवल छायाचित्र घराघरांत जपून ठेवलेले असते आणि त्याचे मोल कुणीही नाकारत नाही. प्रश्न कॅमेऱ्याच्या जागेचा आहे. त्याने साक्षी असावे, सूत्रधार होऊ नये.

कार्य ठरताच छायाचित्रकार आणि पुरोहित यांची यजमानांसमोर एकत्र बैठक व्हावी. कन्यादान, पाणिग्रहण, लाजाहोम आणि सप्तपदी या विधींच्या वेळी कुणीही मंत्र थांबवणार नाही, कोणतीही कृती पुन्हा करायला लावणार नाही, आणि छायाचित्रकार एका बाजूस उभे राहून जे दिसेल ते टिपतील, एवढे तरी तिथे ठरावे. स्वागतसमारंभात काय करायचे आणि काय नाही, हे वधूला एकांतात आधी विचारावे. तिचा शब्द अंतिम मानावा. कोणतीही चित्रफीत दोघांच्या लेखी संमतीशिवाय जाहिरातीसाठी वापरली जाणार नाही, अशी अट व्यवहार ठरवतानाच घालावी. आणि पुरोहितांनी प्रत्येक विधीचा अर्थ दोन वाक्यांत, सोप्या मराठीत सांगावा.

संघशताब्दीच्या निमित्ताने पंचपरिवर्तनाचा जो विषय मांडला गेला, त्यात कुटुंबप्रबोधन हा एक प्रमुख बिंदू आहे. त्याचा आरंभ व्याख्यानांपासून करण्यापेक्षा घरातील पुढच्या कार्यापासून करणे अधिक परिणामकारक ठरेल. कार्यकर्त्याच्या घरचा विवाह आवरलेला, अर्थपूर्ण आणि तरीही आनंदाने ओसंडणारा झाला, तर शेजारपाजारच्या दहा घरांना निराळा उपदेश करावा लागत नाही.

विवाहदिनी रात्री वधूवरांना अंगणात नेऊन ध्रुव आणि अरुंधती दाखवण्याची आपली रीत आहे. वसिष्ठाच्या ताऱ्याशेजारी अरुंधती इतकी अंधुक दिसते की, ती शोधायला दोघांना एकाच दिशेने, डोळे ताणून, काही काळ गप्प उभे राहावे लागते. तिथे झगमगाट चालत नाही. उजेड असला तर तारा दिसतच नाही. दिवसभर सर्वांचे झालेले ते दोघे त्या वेळी पहिल्यांदा एकमेकांचे होतात. त्या अंधाराचे छायाचित्र निघत नाही आणि ते निघू नये, यातच त्याचे मांगल्य आहे.